थारखाली प्लेट बसवताना जाडीच्या आधी काय बघावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन दारांची डिझेल फोर बाय फोर थार आहे, राहणं पुण्यात, घर राजापूर तालुक्यात. डांबर संपलं की सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, कच्चा रस्ता, मग जांभ्याची पायऱ्यापायऱ्यांची उतरण आणि तळाला पऱ्या (ओढा). मागच्या पावसाळ्यात त्या उतरणीवर खालून दणका बसला. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) वाचलं, पण तेव्हापासून मनात धाकधूक आहे. एक विक्रेता गाडीचं पोट दगडापासून वाचवणाऱ्या प्लेटांचा, सहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा अख्खा सेट देतोय. गावचा वेल्डर म्हणतो, पाच मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चॅसीलाच मारून देतो, आयुष्यभर बघायला नको. यातलं काय घ्यावं, किती जाड घ्यावं आणि गणपतीच्या आत होईल का?

गणपतीच्या आत आरामात होईल. चॅसीला वेल्डिंग मात्र करू देऊ नका. कारण पुढे येईलच.

तुम्ही जाडी विचारताय, कारण डोळ्यासमोर दगड आहे. पण जरा हिशेब करा. तुमची गाडी वर्षातून किती वेळ दगडावर घासणार? प्रत्येक फेरीला दोन-चार मिनिटं. बाकी सगळा काळ त्या प्लेटवर चिखल बसलेला असणार, दमट हवा असणार आणि किनाऱ्याकडे गेलात तर मीठ. माझ्याकडे दगडाने चेपलेल्या प्लेटा येतात, नाही असं नाही. पण बोल्ट गंजून जाम झालेत, प्लेट उतरत नाही आणि ऑइल बदलायचं अडलंय, अशा गाड्या त्याहून जास्त येतात. म्हणून कोकणातल्या गाडीसाठी मी पहिलं एवढंच विचारतो: ही प्लेट एक माणूस, साध्या पान्यांनी, अंगणात, पंधरा-वीस मिनिटांत उतरवू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती तीन मिलिमीटरची असो की आठची, दोन पावसाळ्यांत डोकेदुखी होणार.

आता काही गोष्टी तुमच्या वापरावर अवलंबून आहेत, त्या बसल्या जागी मला ठरवता येणार नाहीत. गाडीत एरवी दोघंच असता आणि गणपतीला पाच माणसं, तांदळाची पोती आणि मखराचं सामान असतं का? भरल्या गाडीची मागची बाजू बसते आणि रिकाम्या गाडीला कधी न लागलेली पायरी तेव्हा लागते. टायर कंपनीचेच आहेत की मोठे? गाडी पावसाळाभर गावी उभी राहते की पुण्याला परत जाते? ही उत्तरं बदलली की माझा सल्लाही थोडा बदलतो.

पण एक गोष्ट तुम्ही स्वतः शोधू शकता: गाडी नेमकी कुठे लागते. बहुतेक जण आवाज ऐकून ‘चेंबर’ म्हणतात. चेंबर पुढच्या बाजूला असतं. पायरी उतरताना पुढची चाकं खाली गेली, मागची अजून वर आहेत, अशा वेळी लागतो तो गाडीचा मधला भाग, म्हणजे ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) आसपासचा क्रॉसमेंबर (चॅसीच्या दोन बाजू जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्या बाजूचं जे काही लोंबत असेल ते. तुमच्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर. पुढून चढण्याचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८, आणि मधला, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा, फक्त २७. कमी कोण पडतंय ते आकड्यांतच दिसतं. जांभ्याच्या पायऱ्यांवर गाडी पोटावर टेकते, नाकावर क्वचितच.

तरी अंदाजावर पैसे घालू नका. गाडी खालून धुवून सुकवा. पानाच्या चुन्यात थोडं पाणी घालून ब्रशने चेंबर, क्रॉसमेंबर, ट्रान्सफर केसच्या खालची बाजू, टाकीचं आवरण आणि मागच्या डिफरेन्शियलचा गोळा यांना खालून हात मारा. लोखंडी भागांना गेरूही चालेल. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगवर चुना रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी धुवून टाका, कारण तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. मग गणपतीला भरता तेवढी माणसं नि सामान भरून ती उतरण एकदा हळू उतरा आणि चढा, पुढे एक माणूस वाट दाखवायला ठेवून. परत आलात की टॉर्च घेऊन खाली झोपा. जिथे चुना पुसला गेलाय तिथे प्लेट हवी. जिथे अख्खा आहे तिथे नको. बऱ्याचदा अख्ख्या सेटमधल्या दोनच प्लेटा खऱ्या कामाच्या निघतात.

आता दगड. आपल्याकडे दोन जातींचे दगड गाडीला भेटतात आणि त्यांची मारण्याची पद्धत वेगळी आहे. जांभा सच्छिद्र, खाणीतून काढताना मऊ, हवेवर टणक होणारा. तो गाडीला खरवडतो. वजन टेकलं की त्याची कड थोडी ढासळते, पण किसणीगत पृष्ठभाग रंग आणि धातू दोन्ही काढून नेतो. घाटाखालच्या नद्यांमधला काळा दगड मात्र गोटा असतो. तो ढासळत नाही, एकाच जागी ठोसा देतो. तुमच्या सांगण्यावरून तुमचं काम नव्वद टक्के जांभ्याशी आहे. म्हणजे तुम्हाला ठोसा झेलणाऱ्या जाड कवचापेक्षा नीट घसरणारी, वारंवार घासून घेणारी आणि पुन्हा रंगवता येणारी प्लेट हवी.

इथे अ‍ॅल्युमिनियम मागे पडतं. वजनाचा मुद्दा विक्रेता बरोबर सांगतो. एक चौरस मीटर पत्रा धरला तर चार मिलिमीटर लोखंड साधारण ३१ किलो, सहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम १६ किलो. पूर्ण सेटला सव्वा चौरस मीटर पत्रा लागला तर ३९ विरुद्ध २० किलो, वर पट्ट्या आणि बोल्ट. फरक थोडा नाही. वाळवंटात, लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोक अ‍ॅल्युमिनियम लावतात ते उगाच नाही. पण अ‍ॅल्युमिनियम मऊ. ते जांभ्यावर घसरण्याऐवजी रुततं, ओरखडे खोल जातात, आणि पुढच्या वेळी दगडाची कड त्याच ओरखड्यात अडकते. लोखंडाला चरा पडतो पण गाडी पुढे सरकते.

अ‍ॅल्युमिनियमचं दुसरं दुखणं किनाऱ्याजवळचं. लोखंडी चॅसी, लोखंडी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची प्लेट यांच्यामध्ये खारं पाणी आलं की विजेच्या सेलसारखं काम सुरू होतं आणि त्यात बळी अ‍ॅल्युमिनियमचा जातो. बोल्टच्या भोकाभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजा ते सुरू झालं. नायलॉनचे वॉशर आणि बुश घालून ते बरंचसं थांबवता येतं, पण बसवणारा ते घालतो का, हा प्रश्न वेगळा. तुम्ही तो सेट घेतलातच तर विक्रेत्याला पहिलं हेच विचारा. त्याला प्रश्न कळलाच नाही तर सेट त्याच्याकडेच राहू द्या.

स्टेनलेस घ्यावं का, असं पुढे कोणीतरी विचारेलच. तीनशे चार दर्जाचं स्टेनलेस मिठात बारीक खड्डे पडून खराब होतं, तीनशे सोळा टिकतं पण महाग. दगडावर घासायच्या वस्तूला एवढा खर्च करावा असं मला तरी वाटत नाही.

जाडीबद्दल माझं मत: तुमच्या वापराला तीन मिलिमीटर एमएस (साधं लोखंड) पुरतं, मधल्या प्लेटला चार. पाचची गरज नाही. पत्र्याला ताठपणा जाडीपेक्षा आकारातून येतो. सपाट पाच मिलिमीटरचा पत्रा मधोमध दाबला की लवतो. तोच तीनचा पत्रा दोन्ही कडा वर वळवून आणि मध्ये उभ्या दोन घड्या घालून आणला तर त्याहून कितीतरी ताठ बसतो आणि वजनही बरंच कमी. यासाठी प्रेसब्रेक (पत्र्याला घडी घालणारं यंत्र) लागतो. गावचा वेल्डर पत्रा कापून कोनात जोडून देईल, पण खाली वेल्डचा सांधा आला की दगड तिथेच अडतो आणि चीर तिथूनच जाते. रत्नागिरी किंवा कुडाळच्या एमआयडीसीत विचारा, नाहीतर अणुस्कुरा चढून कोल्हापूरला शिरोलीकडे जा. पुठ्ठ्याचा नमुना कापून घेऊन गेलात तर काम लवकर होतं. घडी काटकोनात कचकन नको, थोडी गोलाई ठेवून मारायला सांगा.

प्लेटा एकापेक्षा जास्त असतील तर त्यांची चढण-उतरण कौलांसारखी हवी: पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेच्या खाली यायला हवी, म्हणजे गाडी पुढे जाताना दगड एकीवरून दुसरीवर सरकतो. उलट बसवलीत तर मागच्या प्लेटची उघडी कड दगडाला आयती सापडते. आणि तुम्ही अडकून रिव्हर्सही घेणार, म्हणून सगळ्यात मागची कड वर वळवलेलीच हवी. हे छोटं काम आहे आणि बाजारातल्या कितीतरी सेटमध्ये ते चुकलेलं असतं.

प्लेट जितकी वर, चॅसीला चिकटून, तितकी चांगली. मात्र चेंबर आणि प्लेट यांच्यात वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळी जागा राहू द्या, कारण इंजिन आपल्या रबरांवर हलतं आणि प्लेटही दणक्याला थोडी आत येते. जागा नसेल तर पहिलाच ठोसा प्लेटकरवी थेट चेंबरला पोचेल, मग प्लेट कशाला? याउलट काही लोक सोयीसाठी प्लेट चार-पाच सेंटिमीटर खाली लोंबवतात. म्हणजे पोटाखालची तेवढी उंची स्वतःच्या हाताने घालवायची, आणि आधी न लागणारे दगडही लागायला लागतात.

बोल्ट चॅसीच्या रेलला किंवा क्रॉसमेंबरला, कंपनीने सोडलेल्या भोकांतच. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे हात यांना कधीही नाही. वेल्डिंगला नाही म्हटलं त्याचं कारण इथे आहे. चॅसीचं लोखंड वेल्डच्या कडेला तापून बदलतं, तिथे वरचा गंजरोधक थर जळतो, आतून तर रंगही लावता येत नाही, आणि कोकणात गंज तिथूनच खायला लागतो. शिवाय एकदा वेल्ड झालेली प्लेट खालून काढताच येत नाही. ऑइल फिल्टर, क्लच, काहीही करायचं तर गॅस कटर. वॉरंटीचा वाद तो वेगळाच. वेल्डर माणूस चांगला असेल तर त्याच्याकडून पट्ट्या करून घ्या, त्या बोल्टने चॅसीला बसवा आणि प्लेट त्या पट्ट्यांना.

बोल्ट एम दहा (दहा मिलिमीटर जाडीचे), ८.८ दर्जाचे, झिंक केलेले. जास्त ताकदीचे घालू नका. जोराचा मार बसला तर बोल्ट तुटलेला परवडतो, चॅसीचं भोक फाटलेलं परवडत नाही. प्रत्येक बोल्टच्या आट्यांना कॉपर ग्रीस किंवा दुसरं अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावल्याशिवाय तो आत जाऊ देऊ नका. बोल्टचं डोकं उघडं खाली आलं तर जांभा त्याला गोल करून टाकतो आणि मग पाना बसत नाही. म्हणून डोकं प्लेटच्या खोलगटात किंवा भोवती जाड रिंग वेल्ड करून तिच्या आत लपलेलं हवं. अ‍ॅलन बोल्ट असतील तर त्यांची षटकोनी खाच ग्रीसने भरून ठेवा, नाहीतर वाळलेली लाल माती खिळ्याने उकरत बसावं लागतं.

एकट्याने प्लेट चढवायची युक्ती सांगतो. पुढच्या दोन बोल्टांच्या जागी गोल भोक करण्याऐवजी, एका टोकाला बोल्टचं डोकं जाईल एवढं मोठं आणि पुढे अरुंद होत जाणारी लांब खाच करून घ्या. बोल्ट चॅसीवर सैल राहू द्यायचे, प्लेट त्यांवर अडकवून मागे सरकवायची, मग ती लोंबत राहते आणि दोन्ही हात मोकळे. खाच पुढच्या दिशेने अरुंद होणारी हवी, म्हणजे पुढून येणारा दगड प्लेट मागे ढकलतो तेव्हा ती अधिक घट्ट बसते, सुटून खाली येत नाही. मागची भोकं लांबट ठेवा. प्लेट थोडी चेपली की गोल भोकं जुळत नाहीत.

आता भोकं आणि झरोके. ऑइलचा प्लग आणि फिल्टर काढता येईल एवढी मोकळी जागा हवी, हे सगळे सांगतात. चिखलाबद्दल कमी बोललं जातं. अर्ध्या चौरस मीटरच्या प्लेटवर दोन सेंटिमीटर ओला चिखल साचला तर दहा लिटर, म्हणजे अठरा-वीस किलो. तो रेडिएटरमागून खाली येणारी गरम हवा अडवतो आणि खालचा पत्रा कधी सुकू देत नाही. बारीक बारीक जाळी केली तर ती पहिल्याच पावसात बुजते. त्यापेक्षा मोजकी, हाताची दोन बोटं जातील एवढी लांबट भोकं करा, गाडीच्या लांबीच्या दिशेने, कडा वरच्या बाजूला वळवून. सर्वांत खालच्या कोपऱ्यात एक तरी असू द्या, नाहीतर पाणी साचून राहील.

गवताची भीती मात्र मी कोणालाही गांभीर्याने घ्यायला सांगतो. पावसाळ्यानंतर सड्यावर कमरेएवढं गवत असतं आणि दिवाळीपासून ते कडक वाळतं. त्यातून गाडी गेली की काडीकाडी प्लेटवर जमते. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतल्या धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास पोचतं, आणि सायलेन्सरचा पाइप जवळूनच जातो. म्हणून गरम पाइपाजवळची प्लेट उघडी ठेवा, आणि सड्यावरून आलात की टॉर्च लावून खाली एकदा हात फिरवा. गाडी गावी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर उंदीर नारळाच्या सोडणाची किशी आणून त्याच प्लेटवर घर करतात. सुरू करण्याआधी बघा.

प्लेट आली की गळती लपते, हेही लक्षात असू द्या. एरवी अंगणातल्या फरशीवर डाग दिसला असता, तो आता प्लेटवर जिरतो. डिपस्टिक बघायची सवय वाढवा.

रंगाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. पावडर कोटिंग सुंदर दिसतं, पण पहिल्या ओरखड्यानंतर ओल त्या थराच्या खाली सरकते आणि वरून गुळगुळीत दिसणारी प्लेट आतून खाल्ली जाते. त्यापेक्षा मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरात बोटींना लावतात तसला इपॉक्सी प्रायमर आणि साधा काळा रंग. दर वर्षी पावसाळा संपला की प्लेट उतरवायची, वायर ब्रश, प्रायमर, रंग, ग्रीस, परत वर. उतरत नसलेल्या प्लेटला हे करताच येत नाही, म्हणून मी जाडीच्या आधी तिथे अडून बसतो.

मिठाचं एक गणित सांगतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. कोकणात पावसाळ्यात हवा याहून दमट असते. म्हणजे प्लेटवर मीठ असेल तर गाडी शेडमध्ये कोरडी उभी असूनही खालून ओलीच असते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने जाताना जेटीवरच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बाग शिपायचा स्प्रिंकलर असेल तर तो सुरू करून गाडीखाली सरकवा, दर दहा मिनिटांनी जागा बदला. प्रेशर वॉशरपेक्षा हे सौम्य आणि प्लेटच्या वरच्या बाजूलाही पाणी पोचतं. पुळणीवर गाडी घालायचीच कशाला, हा माझा उलटा प्रश्न आहे. वेळास, आंजर्ले, गावखडी अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात आणि चाकाखाली घरटं आलेलं वरून कळत नाही.

एक कायदेशीर बाजू: प्लेट बंपरच्या पुढे यायला नको. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबार आणि क्रॅशगार्डविरुद्ध निर्देश दिले, त्यामागे पादचाऱ्यांची आणि एअरबॅग वेळेवर उघडण्याची चिंता होती. पुढच्या चेपणाऱ्या भागाला जाड पट्टी जोडलीत तर तोच धोका तुम्हीच तयार करता. चेंबरखाली, क्रॉसमेंबरपासून मागे असलेल्या प्लेटला ही अडचण येत नाही.

मग तुमच्यासाठी काय? चुन्याची फेरी आधी. मला वाटतं मधली प्लेट चार मिलिमीटर आणि चेंबरखालची तीन मिलिमीटर एवढ्यात तुमचं काम होईल. टाकीचं कंपनीचं आवरण तपासा, वाकलेलं नसेल तर तसंच राहू द्या. मागच्या गोळ्याला प्लेट लावून त्याची उंची वाढत नाही. ती वाढते टायरने, म्हणून वाचलेल्या पैशांत टायर चांगले घ्या. बसवल्यावर पहिल्या खराब रस्त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पट्ट्या बसल्या की ते थोडे ढिले होतातच. खडखडाट येत असेल तर पट्टी आणि प्लेटच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. गाडीत दोन जादा बोल्ट, नायलॉक नट (सहज ढिले न होणारे) आणि त्यांचा पाना असू द्या.

चुना पुसलेल्या जागांचे फोटो टाका, शक्यतो टॉर्च आडवा धरून, म्हणजे ओरखड्यांची दिशा दिसेल. कुठल्या क्रॉसमेंबरची भोकं वापरायची ते त्यावरून सांगतो.